ताईच्या गाडीतला आवाज

त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या गाडीतून जो आवाज निघायला लागला, तो पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला वाटलं, डिकीत मोर कोंडला गेलाय. फुगवून सांगत नाही. नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत ती गाडी वळली की दवाखान्यांबाहेर बसलेले पेशंट आपापला आजार विसरून उभे राहायचे. समोरच्या दाताच्या डॉक्टरांनी तर मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या ताई यायच्या वेळेला मी मशीन हातात धरत नाही, खुर्चीतल्या माणसाला वाटतं मीच सुरू केलं. आता डॉक्टर थोडं वाढवून सांगत असतील. पण थोडंच.

गाडी म्हणजे जुनी, गोल डोळ्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. भाऊजींनी घेतली तेव्हा करकरीत नवी होती. आता तिच्या वयाचं काही रस्त्यावर दिसलं की लोक मोबाइल काढून फोटो घेतात. भाऊजी गेले, गाडी राहिली, आणि ताईनं ती एक दिवसही उभी ठेवली नाही. ताई शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला. सत्तरीला टेकलेली, अंगानं चिमणीएवढी. सीटवर उशी घेऊन बसते आणि स्टिअरिंगच्या गोलातून रस्ता बघते, त्यामुळे समोरून येणाऱ्याला रिकामी गाडी आपल्याच मर्जीनं येताना दिसते. तिला पाहून शेतात उतरलेले ट्रक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. दुसरी कुठलीही गाडी तिला जमत नाही. मुलानं एकदा बिनक्लचची नवी गाडी आणून दिली होती. पहिल्याच वळणावर ताईनं डावा पाय सवयीनं क्लच समजून ब्रेकवर मारला आणि शेजारी बसलेल्या माझ्या नाकाचा ठसा समोरच्या काचेवर उमटला. ती गाडी परत गेली. ठसाही तिच्याबरोबर गेला.

आणि ताईला गाडी लागते ती मिरवायला नव्हे. काटोलजवळ तिची संत्र्याची बाग आहे. हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळं मे महिन्यात लिंबाएवढी असतात, आणि त्या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली की झाड ती खाली टाकायला लागतं. ठिबकच्या नळ्या उन्हात चिरतात, खारी कुरतडतात, तोट्या क्षारानं बुजतात. ताई दिवसाआड सकाळी जाते, व्हॉल्व्ह उघडते, ओळीओळीनं फिरते, कुठल्या झाडाखाली माती कोरडी राहिली ते बघते आणि तिथं बसून नळीत फुंकर मारते. बस काटोलला सोडते, बाग आत आहे, आणि आतलं ते अंतर तिच्या गुडघ्यांना मान्य नाही. म्हणजे गाडी आहे तर बाग आहे, असा सरळ हिशेब.

हा हिशेब तिच्या मुलालाही ठाऊक होता, म्हणून तो घाबरायचा. माझा भाचा पुण्यात नोकरीला. आईनं गाडी काढली की तिकडे त्याचा जीव वरखाली. एकदा ती चालत्या गाडीत फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती, तेव्हा त्यानं तो मोर ऐकला. लगेच त्यानं कुठल्या कुठल्या जाणकारांना विचारलं, आणि सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की चालत्या गाडीत ओरडतंय म्हणजे गिअरबॉक्स. त्या गाडीचा गिअरबॉक्स आता मिळत नाही. भंगारातही मिळत नाही, तिथले कधीच वितळून त्यांचे कुकर झाले. मग त्यानं आईला फोनवर अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मी पुढच्या आठवड्यात येतोय, गिअरबॉक्सच निघाला तर गाडी देऊन टाकू, बाग ठेक्यानं देऊ, तू आराम कर. घेणारासुद्धा त्यानं शोधून ठेवला होता. लग्नाआधीचे फोटो काढण्यासाठी जुन्या गाड्या भाड्यानं देणारा एक गृहस्थ. जोडप्याला बॉनेटवर बसवायचं, फुगे बांधायचे, धूर सोडायचा.

ताईनं शाळेत सुट्टी मंजूर करायच्या आवाजात सांगितलं, की गिअरबॉक्स असेल तर देऊन टाकू. फोन ठेवला. मी समोर बसलो होतो. ती अंगणात गेली आणि पदरानं गाडीचा दिवा पुसायला लागली. तो दिवा आधीच इतका स्वच्छ होता की त्यात मला माझी टाळू दिसत होती. मी बाहेर गेलो तेव्हा तिनं वळून न बघता विचारलं,

"मले बागेत नाही जाता आलं, तर मी दिवसभर करू काय गा?"

मला आयुष्यात कधी उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. खोटं तरी सुचतंच. त्या दिवशी मी खिशातून रुमाल काढला आणि दुसरा दिवा पुसायला लागलो.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडी घरी आली त्या दिवशी भाऊजींनी तिच्यासमोर नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि जाहीर केलं की ही लक्ष्मी आहे, हिच्यात चपला घालून कुणी बसायचं नाही. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. आमच्याकडे ती वर्षभर चालते. गाडीत बसायच्या आधी चपला काढायच्या, डिकीत टाकायच्या, उतरल्यावर डिकीतून काढून घालायच्या. एकदा आम्ही सगळं घर काटोलच्या एका लग्नाला गेलो, आणि मांडवासमोर उतरून भर उन्हात चपलांच्या ढिगात आपापला जोड शोधताना असे नाचलो की मुलीकडच्यांना वाटलं वरात आली. बँडवाल्यानं ताशावर काठी टाकलीसुद्धा. भाऊजी गेल्यावर ताईनं ही रीत आणखी कडक केली. ती स्वतः अनवाणी गाडी चालवते. मी शेजारी सीटवर मांडी घालून बसतो. सूट फक्त मिस्त्रीला, कारण डॉक्टर देव्हाऱ्याजवळ बूट घालून आला तरी आपण काही म्हणत नाही.

तर मिस्त्री. जरीपटका भागात बाजाराच्या मागं त्याचं गॅरेज. माणूस तयारीचा, पण अंगानं आणि आवाजानं एवढा मोठा की त्यानं हळू सांगितलेली गोष्ट पलीकडच्या सायकलच्या दुकानातले लोक आपसात चर्चेला घेत. त्यानं हात वर करून आधी आम्हाला गप्प केलं, मग गाडीला गप्प केलं, मग सुरू केली. काही नाही. बाहेर फेरी मारली. मी मागं बसलो होतो. त्याचे ते लोखंडी टाचांचे बूट, आणि क्लच असा दाबायचा जसा काही खाली विंचू आहे. दाबला की धाडकन सोडला, पाय लगेच बाजूला. गाडी मुंगीच्या पावलानं चालल्यासारखी शांत. परत आल्यावर त्यानं ताईला सांगितलं, की गाडी तर सून घरात वावरते तशी वावरून राहिली, आवाज तुमच्या कानात असेल.

ताईनं त्याला शेजारी बसवलं आणि स्वतः चालवायला घेतली. पहिला सिग्नल यायच्या आत मोर सुरू. बारीक, किरकिरता, इंजिनाबरोबर चढत जाणारा. रस्त्यावरचा भाजीवाला तराजू धरून थांबला. आणि ताईनं कडेला घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, आणि पाय सीटवर वर घेऊन बसली, की आवाज बंद. मिस्त्रीचा चेहरा पडला. चालवणारा बदलला की आवाज बदलतो, असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. पण निकाल दिल्याशिवाय राहील तो मिस्त्री कसला. उभी असली की गप्प, चालली की ओरडते, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग गेलं, असं त्यानं सांगून टाकलं.

"मग तुझ्या हातात काहून नाही ओरडली?" मी विचारलं.

"भाऊ, आजारी माणूस डॉक्टरसमोर असाच तर नाटक करते. घरी गेला का पुन्हा कन्हते."

परतीच्या वाटेवर ताई इतकी हळू चालवत होती की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

मला ते पटत नव्हतं. मला गाड्यांमधलं काही कळतं म्हणून नव्हे. माझं सगळं आयुष्य ऑफिसात फायलींवर शेरे मारण्यात गेलं. पण गाडी मिस्त्रीला पाहून नाटक करते आणि ताईला पाहून रडते, हे मी दुसऱ्याला सांगितलं असतं तर खपलं असतं, मला कुणी सांगितलं तर खपत नाही. माझ्या धंद्यात लुडबुड झाल्यासारखं वाटतं. मिस्त्री लोक लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला धरतात आणि आतला रोग ऐकतात, हे मी पाहिलं होतं. माझ्याकडे पेचकस होता तो चष्म्याचे स्क्रू पिळायचा. म्हणून मी लाटणं घेतलं. बायको म्हणाली, घेऊन जा, पण पोळ्यांच्या वेळेला परत आण, आणि त्यावर ऑइल दिसलं तर जेवायला तिकडेच बस.

भाचा यायला अजून अवकाश होता आणि बागेत पाण्याची पाळी होती. आम्ही निघालो. काटोल नाका सोडला, रस्ता मोकळा झाला, ताईनं चौथा गिअर टाकला आणि मोरानं पिसारा फुलवला. त्या गाडीत पुढची सीट सलग, मधे जमिनीला उंचवटा, त्याच्या खाली गिअरबॉक्स. मी मांडी मोडली, सीटवर आडवा झालो, डोकं खाली घातलं, लाटण्याचं एक टोक त्या उंचवट्यावर टेकवलं आणि दुसरं कानात खुपसलं. पाय कुठं होते मला आठवत नाही, बहुतेक खिडकीत. बाजूनं जाणाऱ्या एसटीतल्या लोकांना वाटलं असेल, की कुणी तरी ताईचा आशीर्वाद घेत घेत प्रवास करतोय.

लाटण्यातून काय ऐकू आलं? माझ्या स्वतःच्या रक्ताचा धबधबा. गिअरबॉक्स नुसता गुरगुरत होता, जेवून पडलेल्या माणसासारखा, तब्येतीनं. मोर तिथं नव्हताच. लाटणं पुढं सरकवावं म्हणून मी हात ताईच्या बाजूच्या पत्र्यावर टेकवला आणि असा ओरडलो की क्षणभर मोर मागं पडला. पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता. वर मे महिना, खाली इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप, आणि मधे रबराची चटई असते ती कधीचीच फाटून गेलेली. पेडलमध्ये अडकते म्हणून ताईनं तो उन्हाळा लागायच्या आधी ती काढून टाकली होती. मी इतकी वर्षं वर मांडी घालून बसणारा, मला काय माहीत.

हात झटकत मी डोकं वळवलं, तर माझ्या नाकासमोर ताईचा डावा पाय. उघडा, जोडवी घातलेला, आणि क्लचच्या पेडलवर असा निवांत ठेवलेला जसा काही पोपट दांडीवर बसलाय.

"ताई, पाय कुठं आहे तुझा?"

"जिथं असते तिथंच."

"क्लचवरून काढ तो."

"काढून ठेवू कुठं? खाली तवा होऊन राहिला. त्या रबरावर जरा तरी बरं वाटते."

"एवढा एक मिनिट वर घे वं."

तिनं पाय उचलला. मोर गेला. असा गेला की मागून येणाऱ्या ट्रकच्या टेपवरचं गाणं ऐकू यायला लागलं. मी म्हटलं, ठेव. ठेवला, मोर आला. उचल. गेला. फेटरी गावाच्या पुढं एका कडुलिंबाखाली तिनं गाडी थांबवली, इंजिन सुरूच ठेवलं, न्यूट्रलमध्ये, पाय सीटवर. शांत. मग मी ओणवा होऊन एका बोटानं पेडल दाबलं, कपाळाला गंध लावतात तेवढंच. मोर ओरडला. पूर्ण तळाशी दाबलं, आवाज दबला. सोडलं, गप्प. पुन्हा बोट, पुन्हा मोर. दोन म्हातारी माणसं, सत्तरीची एक आणि तिच्याहून फार मागं नसलेला दुसरा, पेटी शिकायला बसल्यासारखी ते पेडल वाजवत बसली. रिकामे क्रेट घेऊन काटोलकडं जाणारा एक टेम्पोवाला थांबला, काय झालं विचारायला लागला. ताईला हसू आवरेना, त्याला उत्तर देता येईना. तो आमच्याकडं, मग लाटण्याकडं बघून पुढं निघून गेला.

गोष्ट साधी होती. क्लच दाबला की आतलं एक बेअरिंग, रिलीज बेअरिंग म्हणतात त्याला, पुढं सरकतं आणि फिरत्या क्लचला रेलून त्याला इंजिनापासून सोडवतं. गिअर पडला, पाय उचलला, की त्यानं मागं येऊन विसावा घ्यायचा. त्याचं काम घटकाभराचं. ज्या माणसाला नुसतं दार उघडायला ठेवलंय, त्याला ताईनं नागपूरपासून काटोलपर्यंत दार धरून पळायला लावलं होतं, जातानाही आणि येतानाही, अख्खा उन्हाळा. त्याच्या अंगातलं ग्रीस आटलं आणि तो बोंबलायला लागला. आणि मिस्त्रीच्या पायाखाली तो गप्प का? बुटाच्या माणसाला पत्रा भाजत नाही, त्याचा पाय पेडलवर उगाच रेंगाळत नाही. आणि दाबायचा तेव्हा असा जोरात दाबायचा की त्या दाबाखाली बेअरिंग घट्ट बसून तोंड मिटायचं. पाय भाजून लक्ष्मीची सेवा करणारी एकटी ताई, आणि तिच्यामुळेच लक्ष्मीचा जीव जात होता.

मी तिथंच भाच्याला फोन लावायला निघालो. ताईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. डोळ्यांतलं हसण्याचं पाणी पुसलं आणि मास्तरीण झाली.

"उघडून पाहिल्याशिवाय काही सांगायचं नाही. मी शब्द देलेला आहे. आतमधी गिअरबॉक्सही गेला असंल तर?"

झालं. माझा आनंद कडुलिंबाखालीच राहिला. रोग एक सापडला म्हणजे दुसरा नाहीच असं कुठं असतं.

त्यामुळे भाचा आला त्या दिवशी आम्ही सगळे जरीपटक्यात. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी, गिअरबॉक्स खाली उतरवलेला, आणि मिस्त्री आल्यागेल्याला सांगत होता, की मी तर पहिल्या दिवसापासूनच क्लच म्हणत होतो, पण हे काका लाटणं घेऊन मधात पडले. मी त्याला बोलू दिलं. त्या घडीला त्यानं क्लचचा शोध आपल्या आजोबांनी लावला म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती, आतून फक्त चांगलं निघायला हवं होतं. ताई एका लोखंडी खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. दहावीच्या निकालाला पालक बसतात तशी. भाचा तिच्या मागं उभा. त्याच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. फोटोवाला गृहस्थ. तो उचलत नव्हता.

मिस्त्रीनं गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दांडा पकडला आणि फिरवला. आम्ही सगळे त्याच्या हातावर वाकलो. दांडा तुपात फिरावा तसा फिरला. वरखाली हलवून पाहिला, हलला नाही. कान लावला. भाच्याला कान लावायला लावला. मग मागचं झाकण काढून त्यानं बोट आत घातलं, तेल काढलं, उजेडात धरून पाहिलं, लोखंडाची चमक आहे का बघितलं. नव्हती. काळं होतं, म्हातारं होतं, पण स्वच्छ तेल.

"गिअरबॉक्स माह्या लग्नापर्यंत चालते," मिस्त्री म्हणाला. तो आजोबा झालेला माणूस आहे.

मग त्यानं ते बेअरिंग काढलं. जळून निळंजांभळं झालेलं. त्यानं ते भाच्याच्या कानाशी धरून फिरवलं, आतून फुटाणे हलवल्यासारखा खडखडाट झाला. भाच्यानं ते हातात घेतलं, थोडा वेळ स्वतःच फिरवलं, आणि एका टायरवर बसकण मारली. मला वाटलं आता हा म्हणेल, ठीक आहे, पण तरीही. शिकलेल्या माणसाचं 'पण तरीही' फार वाईट.

"आई, मला गाडी विकायची नव्हती गं," तो म्हणाला. "तू बागेत गेलीस की फोन उचलत नाहीस. मी तिथं मीटिंगमध्ये बसून असतो, आणि मला वाटत राहतं की तू कुठं तरी रस्त्याच्या कडेला."

ताईनं त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मलाही. आम्ही समजत होतो त्याला बागेत रस नाही.

"अरे, फोन गाडीत राहते. चिखलात पडते म्हणून मी नेतच नाही."

मग तिथं, ऑइलच्या वासात, मायलेकांची बोलणी झाली. ताईनं पोचल्यावर एक फोन करायचा आणि निघताना एक. मधे त्यानं केला तर ती उचलणार नाही, आणि त्यानं त्याचा अर्थ काढायचा नाही. भाच्यानं निघतानाच्या फोनबरोबर एक फोटोही मागितला. ताई म्हणाली, फोटो नाही, फार झालं.

नवं बेअरिंग मिस्त्रीनं कुठल्याशा जुन्या स्पेअरवाल्याच्या पोटमाळ्यावरून आणलं, आणि पेडलला बोटभर ढील ठेवून बसवलं. राहिला प्रश्न पायाचा. मिस्त्रीनं अगदी नम्रपणे, म्हणजे त्याच्या मानानं, ताईला सुचवलं की चप्पल घालून चालवत जा. ताईनं त्याच्याकडं जे बघितलं, त्यानं तो अंगानं अर्धा झाला. मी ओलं पोतं सुचवलं. टाकून पाहिलं. काटोल नाक्यापर्यंत ताईचा पाय मोमोसारखा वाफवून निघाला. भाच्यानं ऑनलाइन चटई मागवली, ती एवढी मोठी आली की गाडीत टाकण्याऐवजी गाडीच तिच्यावर उभी करावी लागली असती. शेवटी मिस्त्रीनंच तोडगा काढला. त्याच्या घरून जेवायला बसायचा सागवानी पाट आणला, करवतीनं कापला, आणि क्लचच्या डावीकडं, उंचवट्याला लागून, तिरका असा पक्का ठोकला. आता ताईचा डावा पाय गिअर टाकून झाला की त्या पाटावर जाऊन बसतो. लाकूड तापत नाही. पाटावर पाय ठेवणं चालतं का, याचा ताईनं जरा विचार केला, मग म्हणाली, नवरी ठेवतेच की.

भाचा पुण्याला परत जायच्या आदल्या सकाळी आम्ही तिघं बागेला निघालो. तो मागं मांडी घालून, मी पुढं मांडी घालून, ताई उशीवर. गाडी इतकी गुपचूप चालली होती की कळमेश्वरच्या आसपास मला इंजिन बंद पडून आपण उतारावरून जातोय अशी शंका आली. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. तोच फोटोवाला. भाच्याला नाही म्हणणं जमत नाही, पुण्यात राहून राहून त्याचं 'बघतो' आणि 'कळवतो' झालंय. त्यानं फोन माझ्या हातात दिला. मामा, तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. मी सांगितलं की साहेब, गिअरबॉक्स तर गेलाच, पण तो उघडला तर आतून उंदरांचं कुटुंब निघालं, आजी-आजोबांसकट. इंजिन उलटं फिरतं, गाडी न्यूट्रलमध्ये आपोआप मागं जाते, परवा एकटीच सदर बाजारापर्यंत जाऊन आली. बॉनेटवर बसायचं म्हणता? बसा, पण ते तापतं असं की नवरदेवाचा लेंगा चिकटून राहील, नवरी एकटी घरी जाईल. आणि हॉर्न दाबला की दारं उघडतात. तिकडून गृहस्थ म्हणाले, अहो पण मागं गाडीचा आवाज येतोय, फार छान चालते आहे. मी म्हटलं, ही दुसरी. आम्ही त्या गाडीला बांधून ओढत नेतोय.

त्यांनी फोन ठेवला. भाचा मागं तोंड दाबून लोळत होता. ताई हसता हसता रस्त्याच्या पार कडेला गेली होती, तिथून तिनं गाडी आत आणली, तिसरा गिअर, चौथा, आणि पाय पाटावर.

"एवढं खोटं कसं सुचते गा तुले?"

मी म्हटलं, मेहनत आहे.

बाग आली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. झाडांखाली फळं पडलेली नव्हती, म्हणजे पाणी पोचत होतं. ताईनं फोन सीटवरून उचलला, मागं बसलेल्या मुलाला लावला, त्यानं मागं बसूनच उचलला. ती म्हणाली, "पोचली," आणि कट केला. मग फोन त्याच्याच हातात देऊन ती व्हॉल्व्ह उघडायला निघून गेली.